पोटमाळ्याला ब्रेकर कुठला?

डॅलसच्या उपनगरांत घराला तळघर क्वचितच असतं. अडगळ जाते ती वरच्या बेडरूममधल्या बुटक्या दारामागे, छपराखालच्या माळ्यावर. या घरात मालकांनी तिथे प्लायची जमीन, जिप्समच्या भिंती, दोन सॉकेट आणि एक उघडा बल्ब अशी खोलीच करून घेतली होती. वायरिंग सुताराच्या ओळखीतल्या कुणीतरी केलेलं. वायरिंग तपासणाऱ्या इन्स्पेक्टरने नापास केलं आणि काम माझ्याकडे, म्हणजे इलेक्ट्रिशियनकडे आलं.

नापास होण्याचं कारण: एएफसीआय ब्रेकर नाही. वायरीतली ठिणगी ओळखून पुरवठा तोडणारा हा ब्रेकर एनईसीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या वायरिंगच्या कोडच्या, कलम २१०.१२ प्रमाणे ठरावीक खोल्यांना लागतो. त्या यादीत बेडरूम आहे, पॅसेज आहे, क्लोजेट आहे, माळा नाही. सुताराचं म्हणणं, हा माळा. इन्स्पेक्टरचं म्हणणं, हे क्लोजेट. मालक मराठी, त्यांचा प्रश्न सरळ होता: "अहो, गणपतीचं मखर ठेवायच्या जागेला एवढा महागडा ब्रेकर कशाला?"

मखराशेजारीच कोट टांगायचा दांडा होता. माझ्या मते तिथेच निकाल लागला. कपडे ठेवण्यासाठी केलेली, राहण्याची नसलेली जागा म्हणजे कपड्यांचं क्लोजेट, अशी कोडमध्ये व्याख्याच आहे. मग कलम ४१०.१६ लागतं आणि उघडा बल्ब चालत नाही. बंद आवरणाचा एलईडी बसवला, तोही सामानाच्या जागेपासून किमान १२ इंच दूर.

पण ब्रेकरसाठी नावाचा वाद घालायची गरजच नव्हती. सॉकेटची वायर बेडरूमच्या सॉकेटमधून ओढलेली. बेडरूमचं सर्किट वाढवलं की एएफसीआय लागतोच. सूट मिळते ती वाढीव वायर ६ फुटांपेक्षा जास्त नसेल आणि पुढे नवीन पॉइंट नसेल तर. इथे वायर वीसेक फूट आणि पॉइंट तीन. वायर कुठून आली हे सुतार आणि इन्स्पेक्टर, दोघांपैकी एकानेही बघितलं नव्हतं.

मी ड्युअल फंक्शन ब्रेकर घेतला, म्हणजे एएफसीआय आणि जीएफसीआय (ग्राउंडमध्ये, म्हणजे अर्थिंगमध्ये, गळणारा करंट ओळखून पुरवठा तोडणारा) एकत्र. अशा कोरड्या माळ्यावर जीएफसीआयची सक्ती नाही, पण किमतीतला फरक किरकोळ असतो. ब्रेकर चढवला, तर लगेच पडला, म्हणजे आपोआप बंद झाला. सगळे प्लग काढले, दिवा काढला, तरी पडला. अशा वेळी बरेच जण ब्रेकरलाच शिव्या देतात आणि साधा ब्रेकर परत लावून मोकळे होतात.

लोड नसताना ड्युअल फंक्शन पडला की आधी न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) ग्राउंडला कुठे टेकलाय का ते बघायचं. सर्किट बंद केलं, ब्रेकरवरून न्यूट्रल सोडवला आणि त्याच्यापासून ग्राउंडपर्यंत मीटर लावला: जवळजवळ शून्य ओहम. मग बेडरूमच्या बॉक्समध्ये माळ्याकडे जाणारी केबल सुटी केली. बेडरूमची बाजू स्वच्छ, दोष माळ्याच्या केबलमध्ये.

केबल जॉइस्टना (प्लायखालच्या लाकडी तुळयांना) भोकं पाडून नेली होती, आणि भोकं नियमात होती: वरच्या कडेपासून सव्वा इंच खाली. याहून वर भोक असेल तर एक षोडशांश इंच जाडीची लोखंडी पट्टी ठोकावी लागते. इथे तिची गरज नव्हती. पण सुताराने पाऊण इंची प्लायला अडीच इंची स्क्रू मारले. अडीचातून पाऊण गेला, उरला पावणेदोन. म्हणजे टोक भोकात अर्धा इंच घुसलं आणि नेमकं पांढऱ्या न्यूट्रलच्या व मधल्या उघड्या ग्राउंडच्या मध्ये बसलं. काळी, म्हणजे फेजची, वायर शाबूत.

म्हणून साधा ब्रेकर कधीच पडला नसता. तो फक्त फेजचा करंट मोजतो आणि तो करंट नेहमीचाच होता. परतीचा मात्र अर्धामुर्धा ग्राउंडमधून जात राहिला असता, स्क्रूच्या त्या अर्धवट टेकलेल्या टोकातून.

केबल दोन बॉक्सच्या मध्ये अखंड बदलली. जोड मारला असता तर त्याचा बॉक्स प्लायखाली गाडला गेला असता आणि ते चालत नाही. नवे स्क्रू पावणेदोन इंची, शिवाय भोकांवर पट्ट्या. सुतारांना अडीच इंची स्क्रूचा इतका लोभ का, देव जाणे. नवी केबल बेडरूमला जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासली, कारण बेडरूमच्या बाजूला स्मोक अलार्म होता आणि तो मेगरने मरतो.

इन्स्पेक्टरने दोन मिनिटांत पास केलं. त्याने ब्रेकरवरचं टेस्ट बटण दाबलं, ब्रेकर पडला, सही झाली.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कोडने मागितला होता फक्त एएफसीआय. काही कंपन्यांच्या एएफसीआयमध्ये ग्राउंडची गळती ओळखणारा भाग असतो, काहींच्यात नसतो, आणि अशा ब्रेकरसाठीच्या स्टँडर्डमध्ये तो सक्तीचा नाही. नसलेला ब्रेकर लावला असता तर तो चढला असता, बटण दाबल्यावर पडला असता, आणि स्क्रू केबलमध्ये असतानाच ही खोली पास झाली असती.