सँक्शन

बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, 'सँक्शन' हा शब्द मात्र झाला नाही. दुपारच्या दुसऱ्या चहासाठी ते आजही स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून विचारतात, "सँक्शन आहे का?" आई गाळणं आपटत म्हणते, "बिनसाखरेचं."

१९९८च्या मे महिन्यात आमच्या घराचं कर्ज सँक्शन झालं, पेढे वाटले गेले. त्याच सुमारास पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि इंग्रजी बातम्यांत अमेरिकेची भारतावर 'सँक्शन्स' सुरू झाली. मी तेव्हा शाळेत. मला वाटलं, अमेरिकेनेही काहीतरी मंजूर केलं. मग सगळ्यांचे चेहरे असे उतरलेले का? ही 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंध, हे नंतर कळलं.

या शब्दाचं मूळ लॅटिनमधलं 'सांकीरे', म्हणजे पवित्र मानून पक्कं करणं. 'सेंट' त्याच्याच गोत्रातला. आपल्या सांताक्रूझमधला 'सांता' आणि गोव्यात २४ जूनला डोक्यावर फुलांची कोपेलं घालून विहिरीत उड्या मारतात, त्या सांजांवातला 'सां' हेही त्याच कुळातले. बाबांच्या फायलीला इतकं सोवळं नातं असेल असं वाटलं नव्हतं!

रोमन कायद्यात 'सांक्तिओ' म्हणजे कायदा मोडणाऱ्याला काय शिक्षा, ते सांगणारं कलम. म्हणजे दंडुका पहिल्यापासून होताच. इंग्रजीत आधी कायद्यावरचं शिक्कामोर्तब, मग शिक्षा, आणि परवानगी देणं हा अर्थ तर पार अठराव्या शतकाच्या शेवटी रुळला. १९३५ साली इटलीने अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला, तेव्हा राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रसंघाच्या आधीच्या संघटनेने) लादली तीही सँक्शन्सच. आपण मराठीत मंजुरी आणि निर्बंध वेगळे ठेवले, हे बरं केलं.

'मंजूर' तर मला जास्तच आवडतो. मूळ अरबी, 'नजर'चा सख्खा भाऊ. मंजूर म्हणजे पाहिलेलं, नजरेखालून गेलेलं. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, साहेबाने नुसतं बघावं म्हणून तर आम्ही चार-चार महिने खेटे घालायचो."

एवढं बोलून ते उठले आणि आईसमोर जाऊन उभे राहिले. आईने शब्दकोड्यातून मान वर केली नाही.