आमची वाटचाल: हिंगण्याच्या शेडमधलं पेप्टाइड

हिंगणा एमआयडीसीत शेड घेतली तेव्हा शेजारचे फॅब्रिकेशनवाले विचारायचे, भाऊ तुम्ही नेमकं काय बनवून राहिले? बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, फोडणारे पेप्टाइड, म्हणजे अमिनो ॲसिडच्या आखूड साखळ्या. डायबेटिक फूटची जखम महिनोन्महिने भरत नाही, कॅथेटरवर स्यूडोमोनास नावाचा जंतू चिकटून बसतो आणि बायोफिल्ममधल्या जंतूला कधी कधी हजारपट अँटिबायोटिक लागतं, तिथे आमचं काम. माणसाच्याच शरीरातल्या एलएल-३७ या जंतू मारणाऱ्या पेप्टाइडवरून आखूड सिक्वेन्स बनवतो.

सुरुवातीला सगळं हाताने, तळाला गाळणी (फ्रिट) असलेलं काचेचं व्हेसल, ज्यावर साखळी वाढते ते रेझिनचे मणी, डीएमएफ सॉल्व्हंटचे वॉश, आणि प्रत्येक कपलिंगनंतर, म्हणजे एकेक अमिनो ॲसिड जोडल्यावर, चिमूटभर मणी काढून रंगाची कायझर टेस्ट. मणी निळे म्हणजे कपलिंग अर्धवट, परत करा. पिवळे दिसले तरच पुढे. आता मशीन आहे तरी लागोपाठ आर्जिनिन (जोडायला अवघड अमिनो ॲसिड) आले की मणी मी स्वतः बघतो.

मग एक बाहेरची मोठी कंपनी आली, नाव घेत नाही, आमच्या निम्म्या रेटने ९५ टक्के प्युरिटी म्हणून माल विकायला लागली. त्यांच्या पेप्टाइडने प्लेटमधलं बायोफिल्म साफ, बायोफिल्म जांभळं करणारा क्रिस्टल व्हायोलेट रंग टाकला तरी प्लेटच्या खाचा (वेल) फिक्या, आणि आमचे कस्टमर एकेक करून तिकडे गेले, पगार द्यायला बायकोचे दागिने गहाण पडले. एक मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम तेवढ्या आमच्यासोबत राहिल्या. त्यांनीच ती व्हायल आणून दिली, "हे काय देऊन राहिले बघा जरा." शुद्धता तपासायच्या एचपीएलसी मशीनवर पीकचं जंगल, म्हणजे भेसळच भेसळ, आणि पेप्टाइड बनवताना वापरलेलं टीएफए ॲसिड भरपूर उरलेलं. एचसीएलने सॉल्ट बदलून टीएफए काढलं नि परत प्लेट लावली तर बायोफिल्म जसंच्या तसं, वेल गच्च जांभळ्या. म्हणजे जंतू मारत होतं ते ॲसिड! आणि हे बाहेर आल्यावर बाजारात बोभाटा काय झाला, तर पेप्टाइडच चालत नाहीत. ह्याचा राग अजून आहे.

हळूहळू लोक परत आले, काम वाढलं.

नवीन पोरांना सांगतो, माल घेताना तुमच्याच बॅचचा एचपीएलसी आणि मास स्पेक्ट्रम (वजनावरून ओळख पटवणारा रिपोर्ट) मागा, नेट पेप्टाइड कंटेंट विचारा, कारण १० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये पेप्टाइड बऱ्याचदा ७-८ मिलिग्रॅमच असतं, बाकी सॉल्ट नि पाणी. सेलवर (जिवंत पेशींवर) टाकायचं असेल तर टीएफए नको, ॲसिटेट सॉल्ट घ्या. आणि नुसत्या एमआयसीवर, म्हणजे सुट्या जंतूंची वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेवर, खूश होऊ नका, बायोफिल्मवर वेगळं तपासा.

सध्या डी-अॅमिनो ॲसिड (नेहमीच्या अमिनो ॲसिडचं आरशातलं उलटं रूप) घालून जखमेतल्या प्रोटीएजपुढे, म्हणजे पेप्टाइड तोडणाऱ्या एन्झाइमपुढे, टिकणारी सिक्वेन्स करतोय. पहिली बॅच मॅडमकडेच जाणार.