तुम्ही विचारलंत म्हणून: एमकेटाइम असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?

आमच्या कोडमध्ये नव्याने शिरणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एका फाइलपाशी अडतो. दीडशेएक ओळी, आत तारखांचं गणित, आणि अधूनमधून १४६०९७ आणि ७१९४६८ असले आकडे. मग प्रश्न येतो, "सी भाषेत वेळेचे सेकंद करणारं एमकेटाइम आहे, सेकंदांची वेळ करणारं जीएमटाइम आहे. आयतं असताना हे हाताने का लिहिलंय?" काही जण जरा आडून विचारतात, "ही फाइल अजून लागते का?" म्हणजे उडवू का.

उडवू नका. का ते एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आमची लायब्ररी दुसऱ्यांनी लिहिलेल्या फायली वाचते: झिप, टार, कुठल्या कुठल्या उपकरणांचे लॉग. ती लिनक्सवर चालते, विंडोजवर चालते आणि ३२ बिटांच्या छोट्या बोर्डांवरही चालते. तिला एकच गोष्ट हवी असते. यूटीसीमधलं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतलं, साल, महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद दिले की १९७० पासूनचे सेकंद मिळावेत, आणि तिन्ही ठिकाणी तेच मिळावेत.

एमकेटाइम हे करत नाही. ते तुम्ही दिलेली वेळ स्थानिक समजतं. यंत्राचा टाइमझोन बदलला की उत्तर बदलतं. चूक झाली तर उणे १ परत देतं, आणि उणे १ ही खरीखुरी वेळही असते: ३१ डिसेंबर १९६९, २३:५९:५९. म्हणजे चूक झाली की तो क्षणच विचारला होता, हे नुसत्या उत्तरावरून ओळखता येत नाही. यूटीसीसाठीचं टाइमजीएम युनिक्सच्या बऱ्याच वाणांत वर्षानुवर्षं होतं, पण सीच्या मानकात ते आलं सी२३ मध्ये. विंडोजवर त्याच कामाच्या फंक्शनचं नाव वेगळं. उलट दिशेच्या जीएमटाइमची अनेक थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्रामच्या समांतर धाग्यांत) चालणारी आवृत्ती पाहा: पोझिक्समध्ये, म्हणजे युनिक्सी यंत्रणांच्या मानकात, जीएमटाइम_आर, त्याला आधी वेळ द्यायची आणि मग उत्तराची जागा. मायक्रोसॉफ्टच्या जीएमटाइम_एसला आधी जागा, मग वेळ. सीच्या मानकाच्या परिशिष्टात जीएमटाइम_एस याच नावाचं फंक्शन आहे आणि त्यात क्रम पुन्हा उलटा.

मीही सुरुवातीला आयतंच वापरलं होतं. टाइमजीएम नव्हतं तिथे एक युक्ती चालायची, मॅन पेजमध्येही (युनिक्सच्या मदतपानात) दिलेली असायची: टीझेड हे टाइमझोन सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यूटीसी करायचं, एमकेटाइम बोलवायचं, जुनी किंमत परत ठेवायची. चार ओळींचं काम. ते सुरळीत चाललंही, कारण तेव्हा प्रोग्राममध्ये एकच थ्रेड होता. मग दुसरा आला, लॉग लिहिणारा. हजारो ओळींत एखादी ओळ कित्येक तास मागची वेळ दाखवू लागली. पुढची ओळ पुन्हा बरोबर. मी आधी घड्याळावर संशय घेतला, मग वेळ जुळवणाऱ्या सेवेवर, मग डिस्कवर. तीन दिवसांनी लक्षात आलं की एन्व्हायर्नमेंट अख्ख्या प्रोसेसचं, म्हणजे चालत्या प्रोग्रामचं, एकच असतं. पहिला थ्रेड टीझेड यूटीसी करून एमकेटाइममध्ये असताना नेमका त्याच क्षणी दुसऱ्याने स्थानिक वेळ देणारं लोकलटाइम बोलवलं, की त्यालाही यूटीसीच मिळायचं. नुसती वेळ चुकली हे नशीब म्हणायचं. एक थ्रेड एन्व्हायर्नमेंट बदलत असताना दुसरा ते वाचत असेल तर प्रोग्राम कोसळूही शकतो.

आता टाइम_टी, म्हणजे सीमध्ये वेळ साठवायचा प्रकार. बहुतेकांच्या डोक्यात टाइम_टी म्हणजे १९७० पासूनचे सेकंद. हे पोझिक्स सांगतं. सीचं मानक एवढंच म्हणतं की हा आकडेमोड करता येणारा प्रकार आहे. आतला आकडा कशाचा आणि किती बिटांचा, यावर ते गप्प. युनिक्सनेही पहिल्यापासून सेकंद मोजले नव्हते. १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये सेकंदाचे साठावे भाग मोजलेत, तेही १ जानेवारी १९७१ पासून. ३२ बिट असे खर्चले तर सव्वादोन वर्षांत संपतात. पुढे एकक सेकंदाचं झालं आणि मुदत १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ यूटीसीपर्यंत वाढली. तीही आता दूर राहिलेली नाही.

मापाचा घोळ मी एकदा फार जवळून पाहिला. एका बोर्डाचे लॉग होते. प्रत्येक नोंद १६ बाइटची: आधी वेळ, मग बिघाडाचा कोड, मग मोजमाप. लिहिणाऱ्याने टाइम_टी जसाच्या तसा फाइलमध्ये ओतला होता, बोर्डावर तो ४ बाइटचा. वाचणारा प्रोग्राम ६४ बिटांच्या यंत्रावर. त्यात नोंदीचं माप १६ हे पक्कं लिहिलेलं होतं, पण वेळ उचलताना बाइट उचलले होते टाइम_टीच्या मापाने, म्हणजे ८. गंमत अशी की बहुतेक तारखा बरोबर यायच्या. शेजारचा बिघाडाचा कोड शून्य असला की वरचे ३२ बिट शून्य, आणि दोन्ही यंत्रं लिटल-एंडियन (खालचे बाइट आधी ठेवणारी) असल्याने खालचे ३२ बिट म्हणजे खरी वेळ. कोड १ आला की तारीख १३६ वर्षं पुढे. कोड २ आला की २७२ वर्षं. ज्या नोंदींसाठी लॉग ठेवला होता, नेमक्या त्याच नोंदी पुढच्या शतकांत जाऊन बसल्या होत्या, आणि अहवाल काढणाऱ्याने "अशक्य तारीख" म्हणून त्या गाळल्या होत्या! महिनाभर अहवालात एकही बिघाड नव्हता, आणि सगळे खूश होते.

तेव्हापासूनचा आमचा नियम: फाइलमध्ये जाणारी वेळ ६४ बिटांची, चिन्हासकट, एकक आणि आरंभबिंदू कॉमेंटमध्ये लिहिलेला, आणि बाइटचा क्रम आम्ही ठरवलेला. स्ट्रक्ट, म्हणजे एकत्र बांधलेली फील्डं, जसंच्या तसं कधीच ओतायचं नाही. एककाची चूक निदान चेहऱ्यावरून ओळखता येते. १७० कोटी सेकंद म्हणजे १४ नोव्हेंबर २०२३. हाच आकडा कुणी मिलिसेकंद समजून वाचला तर २० जानेवारी १९७० येतं. जानेवारी १९७० मधली तारीख दिसली की मी आधी हजाराने गुणून पाहते.

आता ते विचित्र आकडे. पद्धत माझी नाही. हॉवर्ड हिनंट यांनी ती नीट मांडून ठेवली आहे. सी++२० मध्ये तारखांचा जो भाग आला तोही त्यांच्याच कामातून. मर्म एवढंच की वर्ष मार्चपासून सुरू झालं असं धरायचं. मग लीप वर्षाचा जादा दिवस वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि मधे कुठे लुडबुड करत नाही. मार्च ते जुलै हे पाच महिने ३१, ३०, ३१, ३०, ३१ दिवसांचे, बेरीज १५३. ऑगस्ट ते डिसेंबर पुन्हा तसेच, पुन्हा १५३. म्हणून महिन्याच्या क्रमांकाला १५३ ने गुणायचं, २ मिळवायचे, ५ ने भागायचं आणि बाकी सोडून द्यायची, की आधीच्या सगळ्या महिन्यांचे दिवस मिळतात. कोष्टक नाही की लीप वर्षाचं इफ नाही.

१४ नोव्हेंबर २०२३ करून पाहू. मार्च शून्य धरला तर नोव्हेंबर आठवा. ८ गुणिले १५३ अधिक २ म्हणजे १२२६, भागिले ५, २४५. त्यात महिन्यातले उलटलेले १३ दिवस मिळवले की २५८. आता वर्षं. ४०० वर्षांत बरोबर १४६०९७ दिवस असतात. २०२३ मध्ये अशी पाच चक्रं, म्हणजे ७३०४८५ दिवस, आणि वर २३ वर्षं. त्यांचे २३ गुणिले ३६५ म्हणजे ८३९५, लीपचे ५. (शतक उलटलं असतं तर इथे एक वजा झाला असता.) सगळं मिळून ७३९१४३. यातून ७१९४६८ वजा करायचे. शून्य सालच्या १ मार्चपासून १ जानेवारी १९७० पर्यंत तेवढे दिवस होतात. उरले १९६७५. गुणिले ८६४००, १६९९९२००००. त्यात २२:१३:२० चे ८०००० सेकंद मिळवा. १७० कोटी, एकही सेकंद इकडेतिकडे नाही. जानेवारी-फेब्रुवारीसाठी एवढंच लक्षात ठेवायचं की ते आदल्या वर्षाचे दहावा आणि अकरावा महिना.

खड्डा आहे तो उलट जाताना. सीमध्ये पूर्णांकांचा भागाकार शून्याकडे कापला जातो. उणे १ भागिले ८६४०० म्हणजे शून्य, बाकी उणे १. म्हणजे १९६९ चा शेवटचा सेकंद "१ जानेवारी १९७०, शून्य तास, उणे एक सेकंद" असा छापला जातो. बाकी ऋण आली तर भागाकार एकाने कमी करायचा आणि बाकीत ८६४०० मिळवायचे, एवढंच. पण हे विसरलेले कोड मी इतके पाहिलेत की कुणाची तारखांची फाइल हाती आली की मी आधी उणे १ घालते.

इतर घड्याळांची रूपांतरं त्यामानाने सरळ, आरंभबिंदूतला फरक काय तो वजा करायचा. विंडोजचं फाइलटाइम १ जानेवारी १६०१ पासून सेकंदाच्या कोटीव्या भागांत मोजतं. फरक ११६४४४७३६०० सेकंदांचा. १६०१ कशाला, तर तिथून ग्रेगोरियन ४०० वर्षांचं नवं चक्र सुरू होतं, म्हणजे तिथेही कुणीतरी आपल्यासारखाच विचार केला होता. ते ३२ बिटांच्या दोन तुकड्यांत येतं. पॉइंटर सरळ ६४ बिटांच्या पूर्णांकाचा करून वाचू नका, काही प्रोसेसर अलाइनमेंटवरून (पत्ता ८ च्या पटीत नाही म्हणून) तिथेच बसकण मारतात. नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारं एनटीपी १९०० पासून मोजतं, फरक २२०८९८८८००, आणि त्याचे ३२ बिट २०३८ च्याही आधी, ७ फेब्रुवारी २०३६ ला भरतात.

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉसची वेळ मात्र सरळ नाही. फॅट पद्धतीने फायली ठेवणाऱ्या डिस्कवर आणि झिपमध्ये आजही तीच आहे: सालाला १९८० पासून ७ बिट, महिन्याला ४, तारखेला ५, तासाला ५, मिनिटाला ६, आणि सेकंदाला उरले ५. पाच बिटांत ६० मावत नाहीत, म्हणून सेकंद अर्धे करून ठेवतात. त्या जगात विषम सेकंद नाहीतच. बदललेल्याच फायली उचलणारा बॅकअप फॅटच्या पेनड्राइव्हवर दर वेळी निम्म्याअधिक फायली पुन्हा का ओततो, याचं उत्तर बहुधा इथे असतं. दोन सेकंदांची सूट द्या. पण ती वेळ स्थानिक असते आणि कुठल्या स्थानाची ते लिहिलेलं नसतं, याला इलाज नाही. झिपच्या जादा फील्डमध्ये यूटीसी असेल तर मी ते घेते. नसेल तर "टाइमझोन माहीत नाही" असा झेंडा लावून वेळ पुढे देते. अंदाज बांधत नाही.

"मग टाइमझोनही स्वतःच लिहा की," असं एकाने मला चिडवलं होतं. तिथे मी हात जोडते. कॅलेंडरचं गणित १५८२ पासून ठरलेलं आहे, टाइमझोन मात्र सरकारं ठरवतात. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा दिवस वगळला. तिथे २९ नंतर थेट ३१ उजाडली. हे कुठल्या सूत्रात बसवणार? त्यासाठी इंटरनेटचे क्रमांक आणि नावं सांभाळणाऱ्या आयानाचा टाइमझोन डेटाबेस आहे, तो वापरावा, आणि तोही फक्त माणसाला तारीख दाखवताना.

लीप सेकंदांबद्दलही विचारतात, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घड्याळात घातलेल्या जादा सेकंदांबद्दल. १९७२ पासून २७ झाले, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला. पोझिक्सच्या हिशेबात ते नाहीतच, दिवस नेहमी ८६४०० सेकंदांचा. आमच्या फायलींनाही तेवढं पुरतं. पण म्हणूनच दोन टाइमस्टॅम्पची वजाबाकी करून "काम किती वेळ चाललं" सांगू नका. भिंतीवरचं घड्याळ कुणीही मागेपुढे करतं. त्यासाठी कधीच मागे न जाणारं क्लॉक मोनोटॉनिक आहे, विंडोजवर क्वेरी परफॉर्मन्स काउंटर आहे. आणि तो आकडा फाइलमध्ये लिहू नका, यंत्र बंद झालं की त्याला अर्थ राहत नाही.

गेल्या वेळी ज्याने विचारलं त्याचा पुढचा प्रश्न होता, "मग टाइम_टी कुठेच नको?" हवा. ऑपरेटिंग सिस्टमशी बोलताना, दाराशी. घ्यायचा आणि तिथेच ६४ बिटांच्या पूर्णांकात बदलायचा. आमच्या हेडरमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांना दिलेल्या घोषणांच्या फाइलमध्ये, तो नाही. २०२१ च्या जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.३४ पासून ३२ बिटांच्या यंत्रावरही मॅक्रो देऊन ६४ बिटांचा टाइम_टी मागता येतो. म्हणजे लायब्ररी एका मापाने बांधलेली आणि वापरणारा प्रोग्राम दुसऱ्या मापाने, हे सहज घडेल, आणि दोन्ही जोडणारा लिंकर चकार शब्द काढणार नाही.

त्याला पटलं असावं. फाइल उडवण्याऐवजी त्याने तिच्या चाचणीत भर घातली. आधी आम्ही १६०१ ते २४०० मधला प्रत्येक दिवस, २९२१९४ दिवस, पुढे नेऊन मागे आणून तपासत होतो. त्याने २९ फेब्रुवारी २१०० घातली, जी तारीख नाहीच. एमकेटाइम ती निमूटपणे १ मार्च करून देतं. आमच्या फंक्शननेही तसंच केलं. आता ते चूक परत देतं, आणि फाइल दहा ओळींनी वाढली आहे.