रीमा गेली त्या दिवसाचं पान

त्या गुरुवारी पहिल्या पानावरून वादावादी होणार, हे दुपारी साडेतीनलाच दिसत होतं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं कुलभूषण जाधव यांच्या फाशीला स्थगिती दिली आणि लीडचा, म्हणजे मुख्य बातमीचा प्रश्न मिटला. केंद्रीय पर्यावरणमंत्री अनिल माधव दवे सकाळीच वारले होते. श्रीनगरला जीएसटी परिषद भरली होती, कशावर किती टक्के कर याचे तक्ते येऊन पडत होते. आणि पहाटे अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयात अभिनेत्री रीमा लागू गेली होती. तारीख १८ मे २०१७.

मी तेव्हा मुंबईतल्या एका मराठी दैनिकात डेस्कवर होते. नाटक-सिनेमाचं पान आणि रविवारची पुरवणी माझ्याकडे. वय झालेल्या, आजारी असलेल्या कलावंतांचे मृत्युलेख आम्ही आधीच लिहून ठेवतो. ऐकायला कसंसंच वाटतं, पण रात्री अकराला बातमी आली तर दुसरा इलाज नसतो. रीमाचा लेख तयार नव्हता. असायचं काही कारणच नव्हतं. आदल्या संध्याकाळपर्यंत ती ‘नामकरण’ मालिकेच्या चित्रीकरणात होती.

ऑफिसात पोचले तेव्हा एजन्सीच्या कॉपी येऊन पडल्या होत्या. बऱ्याच ठिकाणी वय ५९ लावलेलं. जन्म २१ जून १९५८चा, म्हणजे वाढदिवसाला महिना बाकी होता, ५८ केलं. पण माझं मन अडलं ते पहिल्याच ओळीला. सगळ्या कॉपींची सुरुवात एकच: हिंदी पडद्यावरची लाडकी आई गेली. टीव्हीवर तेच, मोबाइलवर तेच. फोटोंच्या फोल्डरमध्येही साडी नेसलेली, कपाळाला मोठी टिकली, हसरा चेहरा, बाजूला सलमान. एका बाईनं चाळीस-पन्नास वर्षं काम केलं, त्यातलं एवढंच उरलं?

डेस्कवर नवीन लागलेली एक मुलगी होती. तिला म्हटलं, एका कागदावर रीमाचं जन्मवर्ष लिही आणि शेजारी तिच्या पडद्यावरच्या मुलांची लिही. ‘कयामत से कयामत तक’ १९८८चा. त्यात रीमा जुही चावलाची आई. जुहीचा जन्म १९६७चा. पुढच्याच वर्षी ‘मैंने प्यार किया’, त्यात सलमान खानची आई, सलमान १९६५चा. ‘गुमराह’मध्ये श्रीदेवीची आई, श्रीदेवी १९६३ची. आणि १९९९च्या ‘वास्तव’मध्ये संजय दत्तची आई. संजय दत्त जुलै १९५९चा, म्हणजे आईपेक्षा जेमतेम तेरा महिन्यांनी लहान. त्या मुलीनं आकडे दोनदा तपासले आणि म्हणाली, “मॅडम, हे तर भावंडं शोभतील.” ती चौकट तशीच पानात घ्यायची असं मी तेव्हाच ठरवलं. तिशीतल्या बाईला हिंदी सिनेमानं आई केलं आणि मग त्या आईतून बाहेर पडायची वाट फारशी ठेवली नाही, हे त्या चार नोंदींत स्पष्ट दिसत होतं.

दुपारी लायब्ररीतून जुन्या कात्रणांचं पाकीट मागवलं. आमच्याकडे बरंच काही संगणकावर गेलं होतं, पण नव्वदच्या आधीचं अजून खाकी पाकिटांत. त्यात एक कृष्णधवल फोटो निघाला. कडा पिवळ्या पडलेल्या, मागे निळ्या शाईत ‘पुरुष – विजया मेहता’ असं लिहिलेलं. रंगमंचावर उभी असलेली विशीतली रीमा. नजर समोर रोखलेली, जबडा घट्ट, एक हात पदराशी. फोल्डरातल्या त्या पन्नास हसऱ्या फोटोंमधली बाई हीच, यावर चटकन विश्वास बसू नये असा फोटो.

तो हातात घेऊन मी मुद्रितशोधन विभागात गेले. तिथे एक काका होते, निवृत्तीला आलेले. नाटकं पाहण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. फोटो बघून त्यांनी चष्माच काढला. “शिवाजी मंदिरला बघितलंय मी हे,” म्हणाले. जयवंत दळवींचं नाटक, नाना पाटेकर गुलाबराव आणि रीमा अंबिका. सत्ता हातात असलेला पुरुष एका शिक्षिकेवर बलात्कार करतो आणि वरून उजळ माथ्यानं फिरतो. शेवटी अंबिका स्वतःच त्याचं पौरुष कापून हिशेब पुरा करते. काका म्हणाले, “नानाचं नाव सगळे घेतात, घ्यायलाच पाहिजे. पण समोर ती तशी उभी राहिली नसती तर त्या गुलाबरावाची भीती वाटलीच नसती, ताई.” मी हे वाक्य तिथेच वहीत टिपलं, त्यांचं नाव घालायचं नाही या अटीवर.

रीमा म्हणजे मूळची नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे, ‘लेकुरे उदंड जाली’मुळे लोकांच्या लक्षात राहिलेली अभिनेत्री. पुण्यात हुजूरपागेत शिक्षण. लहानपणी ‘बेबी नयन’ या नावानं सिनेमात कामं केलेली. १९७९ साली तिनं मुंबईत युनियन बँकेत नोकरी धरली आणि सुमारे दहा वर्षं ती केली. या दहा वर्षांपाशी मी बराच वेळ रेंगाळले. आजच्या वाचकाला ही गोष्ट नवी वाटेल. आमच्या आधीच्या पिढीला नाही. दिवसभर काउंटर, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवार प्रयोग, आंतरबँक स्पर्धांतून एकांकिका. मराठी नाटक बराच काळ बँका, एलआयसी आणि सरकारी कचेऱ्यांमधल्या अशा नोकरदारांच्या जिवावर उभं होतं. याच दहा वर्षांत तिनं जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ केला, श्याम बेनेगलांचा ‘कलयुग’ केला, गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मध्ये तमाशातली नाचणारी केली, ‘पुरुष’ केलं, दूरदर्शनवर ‘खानदान’ केलं. अरुणाराजेंच्या ‘रिहाई’त, पुरुष कामाला शहरात गेल्यावर मागे गावात राहिलेल्या बायकांपैकी एक केली, स्वतःच्या देहाची भूक न लपवणारी. ज्या वर्षी ‘रिहाई’ आला त्याच वर्षी ‘कयामत से कयामत तक’ आला. प्रेक्षकांनी दुसरा उचलला आणि रीमाचं पुढचं सगळं त्यावरून ठरलं.

तिच्या आईपणाला मी नावं ठेवत नव्हते, हेही सांगायला हवं. तिच्या आधी हिंदी सिनेमातली आई बहुतेक वेळा शिवणयंत्रावर बसलेली किंवा देवापुढे रडणारी असायची. रीमाची आई मुलाशी गप्पा मारायची, त्याची बाजू घ्यायची, चांगली नीटनेटकी राहायची. फिल्मफेअरसाठी सहायक अभिनेत्री म्हणून तिला चार नामांकनं मिळाली आणि चारही अशाच भूमिकांना: ‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’, ‘वास्तव’. पुरस्कार एकदाही नाही. ते वाचून मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

‘वास्तव’चा शेवट मी संगणकावर पुन्हा लावला, आवाज बारीक करून. महेश मांजरेकरांचा सिनेमा. नशेनं आणि भीतीनं पार खिळखिळा झालेला रघू आईकडे सुटका मागतो. तो रडत असतो, बडबडत असतो. संजय दत्तकडे करायला पुष्कळ आहे. रीमाकडे जवळजवळ काही नाही. ती फक्त त्याच्याकडे बघते. आधी तो काय म्हणतोय हे तिला कळत नाही, मग कळतं, मग नको असतं, आणि मग त्याच्या बाजूनं तिचा निर्णय होतो. हे चारही टप्पे चेहऱ्यावर एकामागोमाग येतात आणि गोळी सुटते. घराघरातल्या लाडक्या आईच्या हातात पिस्तूल देण्याची कल्पना मांजरेकरांची; पण ते प्रेक्षकाच्या गळी उतरवलं ते ‘पुरुष’मधल्या अंबिकेनं, असं माझं ठाम मत झालं. मी लेखाची सुरुवात तिथूनच केली.

टीव्हीचा भाग लिहायला सोपा आणि आनंदाचा होता. ‘श्रीमान श्रीमती’तली कोकी सगळ्यांना पाठ. ‘तू तू मैं मैं’मध्ये सचिनच्या दिग्दर्शनाखाली ती सासू आणि सुप्रिया सून. दोघींची भांडणं बघताना हसू यायचं, कारण दोघीही वाक्य पडायच्या आधीचा तो अर्धा क्षण अचूक पकडायच्या. २००० सालानंतर हिंदी मालिकांतली सासू काळ्या टिकलीची खलनायिका झाली. त्याच्या आधी सहा वर्षं रीमा त्याच नात्याची गंमत करून दाखवत होती. मराठीत ‘तुझं माझं जमेना’ केलं. आणि ‘नामकरण’मधली दयावंती ही सख्ख्या नातीचा दुस्वास करणारी आजी. म्हणजे जाताना ती आईपणाच्या चौकटीबाहेर, एका वाईट बाईच्या भूमिकेत होती, आणि मन लावून काम करत होती. त्या दिवशी हे कुठल्याच चॅनेलवर कुणी सांगितलं नाही.

ओशिवऱ्याच्या स्मशानभूमीतून आमचा वार्ताहर परतला. मुलीनं, मृण्मयीनं अंत्यसंस्कार केले. आमिर खान आला होता, त्याचे फोटो आधीच सगळीकडे फिरत होते.

सातच्या मीटिंगमध्ये वृत्तसंपादकांनी पानाची डमी पुढे केली. जाधवांची बातमी आठ कॉलम, दवे, जीएसटीचा तक्ता आणि खाली डावीकडे दोन कॉलम रीमा. हेडिंग लिहिलेलं: ‘पडद्यावरची आई हरपली’. मी म्हटलं, सर, हे हेडिंग नको. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. उद्या सकाळी पेपर उघडणाऱ्या बाईला रीमा आई म्हणूनच आठवणार. आपण तिला ‘आक्रोश’ सांगून काय मिळवणार? मी तो कृष्णधवल फोटो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, मराठी पेपरनं तरी तिला मराठी नाटकाची नटी म्हणून निरोप द्यायला हवा. हिंदीवाले आई म्हणतील, त्यांनी तेवढंच पाहिलंय. आपल्याकडच्या लोकांनी तिला शिवाजी मंदिरला, साहित्य संघात तिकीट काढून पाहिलंय.

थोडा वेळ वाद झाला. आवाजही चढले. शेवटी हेडिंग साधं ठरलं: ‘अभिनेत्री रीमा लागू यांचे निधन’. फोटो ‘पुरुष’चा. आतलं पूर्ण पान माझं. साडेआठला जाहिरात विभागातून निरोप आला की त्या पानावर अर्धं पान जाहिरात आहे, ती हलणार नाही. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटायला थोडाच अवधी. आता काय ठेवायचं आणि काय काढायचं? ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून मी हिंदी सिनेमांची यादी काढली. ‘साजन’, ‘रंगीला’, ‘कुछ कुछ होता है’, ‘कल हो ना हो’, सगळी गेली; ती कुणीही सांगेल. जन्मवर्षांची चौकट ठेवली. बँकेचा परिच्छेद ठेवला. काकांचं वाक्य मोठ्या टायपात मधोमध घेतलं. ‘सविता दामोदर परांजपे’ या तिच्या नाटकावरचा परिच्छेद मात्र जागेअभावी गेला, आणि तो काढताना माझा हात खरंच अडखळला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डेस्कचा फोन वाजत होता. एका बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ अर्धा तास बोलले, आंतरबँक स्पर्धेच्या आठवणी सांगत. ठाण्याच्या एका बाईंनी पहिल्याच वाक्यात झापलं: “अहो, ‘सविता दामोदर परांजपे’ कुठंय? मी ते पाहून घरी आल्यावर रात्रभर दिवा घालवला नव्हता.” मी त्यांना म्हटलं, तुम्हाला जे आठवतंय ते सगळं सांगा, मी लिहून घेते. रविवारची पुरवणी त्या संध्याकाळी लागायची होती. कव्हरला ठरलेला उन्हाळी सुट्टीचा लेख मी पुढच्या आठवड्यावर ढकलला आणि वृत्तसंपादकांना कळवलं की पहिलं पान रीमाच्या नाटकांचं, जाहिरात नको.