आमची वाटचाल: स्क्रीनवरचा रंग कागदावर उतरवताना

लग्नाचे आल्बम आणि पत्रिका डिझाइन करून छापून द्यायच्या, हा आमचा धंदा. २०१२ साली ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका छोट्या गाळ्यात तो सुरू झाला. तेव्हा छपाईचं मशीन आमच्याकडे नव्हतं. पानं आम्ही लावायचो आणि फाइल बाहेरच्या लॅबला जायची. आल्बम बांधून आला की ठरलेलं वाक्य ऐकू यायचं: "दादा, स्क्रीनवर किती छान दिसत होतं, इथे सगळं काळपट आलंय." लॅबवाले म्हणायचे, तुमचा मॉनिटर बघा, आम्ही म्हणायचो, तुमचं मशीन बघा. मोजमाप दोघांकडेही नव्हतं, म्हणून वाद मिटायचा तो बिलातली रक्कम कमी करून.

धाकट्या भावाने हट्ट धरून कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचा रंग मोजणारं यंत्र, घ्यायला लावला. त्या वेळी हा खर्च आम्हाला जड होता, पण आज धंद्यातली सगळ्यात मोलाची खरेदी कोणती असं विचारलं तर मी तीच सांगेन.

काम साधं आहे. मॉनिटर अर्धा तास सुरू ठेवायचा, कारण बॅकलाइट स्थिर होईपर्यंत त्याचा उजेड बदलत राहतो. मग मुठीत मावणारं ते यंत्र स्क्रीनला टेकेल असं वरून वायरीने लोंबतं ठेवायचं. त्याच्याखाली लाल, हिरवे, निळे आणि करड्या छटांचे चौकोन एकामागून एक येतात. संगणकाने कोणता आकडा पाठवला आणि स्क्रीनने प्रत्यक्षात कोणता रंग दिला, यातला फरक यंत्र टिपत जातं.

काळपट आल्बमचं कोडं पहिल्याच मोजणीत सुटलं. नवा मॉनिटर दुकानात उठून दिसावा म्हणून प्रखर ठेवलेला असतो; चौरस मीटरला २५० ते ३०० कँडेला (हे उजेडाचं माप) उजेड सहज मिळतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, आणि घरातल्या दिव्याखाली त्यावरून परतणारा उजेड याच्या बराच खाली असतो. अशा स्क्रीनवर बसलेला माणूस फोटो नको तितका गडद करतो आणि त्याला तो छान वाटतो. आम्ही उजेड १०० कँडेलापर्यंत उतरवला, पांढरा ६५०० केल्विनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, आणि गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचं प्रमाण, २.२ वर आणला. सुरुवातीला सगळ्यांना स्क्रीन मंद वाटली. चार दिवसांत डोळे सरावले आणि काळपटपणाची तक्रार जवळजवळ थांबली.

कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल ही दोन वेगळी कामं आहेत, हे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला आधी शिकवतो. कॅलिब्रेशनमध्ये मॉनिटरला ठरलेल्या स्थितीत आणतात. प्रोफाइलमध्ये त्या स्थितीत तो कोणता आकडा कसा दाखवतो याची नोंद असते. लाल २००, हिरवा ३०, निळा ६० हे नुसतं प्रमाण झालं. त्यातून नेमका कोणता शालू दिसेल हे प्रोफाइलशिवाय सांगता येत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची नोंद वाचता यावी म्हणून १९९३ मध्ये आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम) ही संस्था उभी राहिली, आणि आजचे आपले प्रोफाइल तिच्याच नमुन्यात असतात. फोटोशॉप ती नोंद वाचतं, पण फोटो बघायची कित्येक साधी सॉफ्टवेअर वाचत नाहीत. म्हणून एकाच संगणकावर एकच फोटो दोन खिडक्यांत दोन तऱ्हेचा दिसतो.

आमच्या कामात खरी परीक्षा हळदीच्या फोटोंची. जुना झालेला मॉनिटर पिवळट पडत जातो. करेक्शन करणारा ती झाक फोटोतली समजून पिवळा कमी करतो आणि छापून आलेल्या नवरीच्या गालावरची हळदच फिकी पडते. मोरपंखी पैठणीचं गाऱ्हाणं निराळं. एसआरजीबी ही १९९६ ची रंगजागा, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांची ठरलेली मर्यादा, साध्या मॉनिटरच्या ऐपतीवर बेतलेली, आणि छपाईच्या शाईला जमणाऱ्या काही निळ्या-हिरव्या छटा तिच्यात बसतच नाहीत. अॅडोबी आरजीबी या मोठ्या रंगजागेत त्या बऱ्याच बसतात. म्हणून पैठणीच्या फोटोंसाठी फोटोग्राफरकडून आम्ही मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, मागतो; तिच्यातले रंग एसआरजीबीत कापले गेलेले नसतात. उलट शेरवानीचा झगझगीत निळा स्क्रीनवर आहे तसा दिसतो, पण ऑफसेटच्या, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईच्या, चार शाईंत तो जांभळट होतो. पत्रिकेवर तोच निळा हवा असेल तर वेगळ्या शाईचा खर्च धरावा लागतो, आणि हे छापण्याआधीच सांगितलेलं बरं.

२०१७ मध्ये आम्ही वागळे इस्टेटमध्ये मोठा गाळा घेतला आणि आल्बमसाठी स्वतःचा इंकजेट प्रिंटर बसवला. भिंतींना आधी केशरी रंग होता. तो काढून फिका करडा दिला, कारण भिंतीवरून परतणारा उजेड स्क्रीनवरही पडतो आणि डोळ्यांवरही. प्रिंट बघायच्या टेबलावर ५००० केल्विनचा दिवा लावला. ग्लॉसी, मॅट, टेक्स्चर अशा प्रत्येक कागदाचं वेगळं प्रोफाइल केलं, कारण तीच शाई ग्लॉसीवर खुलते आणि मॅटवर फिकी दिसते. ऑफसेटचं काम अजून बाहेर जातं. ज्या प्रेसकडे देतो तिथे फोग्रा ३९ या ऑफसेट छपाईच्या प्रमाणित मापावर मशीन बसवलेलं आहे, त्यामुळे छापील पत्रिका कशी दिसेल हे आम्ही स्क्रीनवरच दाखवतो. तेव्हा चित्र एकदम मलूल होतं आणि ग्राहकाचा चेहराही उतरतो. मग जुनी छापील पत्रिका शेजारी धरली की त्यांना पटतं.

हल्ली भांडण मोबाइलशी आहे. ताई-काका व्हॉट्सअॅपवर प्रूफ मागवतात, फोनचा डिस्प्ले 'व्हिविड'वर असतो आणि राणी कलर अंगावर येतो. पानांची मांडणी आणि नावं तपासायला मोबाइल ठीक आहे. रंग मात्र आम्ही प्रिंट बघायच्या टेबलावरच मंजूर करून घेतो, म्हणजे त्या दिव्याखाली, कागदावर. यावर आम्ही अडून बसतो आणि कधीकधी ऑर्डर हातची जाते.

आमचे मॉनिटर महिन्यातून एकदा कॅलिब्रेट होतात. शनिवारी दुपारनंतर ठाण्या-मुलुंडचे फोटोग्राफर आपले लॅपटॉप घेऊन येतात, आम्ही ते विनामूल्य करून देतो. येताना चार्जर आणा, नाइट मोड आणि ब्राइटनेस आपोआप बदलणारं सेटिंग बंद करा, आणि लॅपटॉप अर्धा तास आधीपासून सुरू ठेवा.