तिसरीतल्या वाचकासाठी ६४ पानं

चित्रपुस्तकं वाचून संपलेली आणि जाड कादंबरी अजून पेलत नाही, असा वाचक साधारण सात ते नऊ वर्षांचा असतो. त्याच्यासाठी प्रकरणं पाडलेली छोटी गोष्ट लिहायला घेतली, तेव्हा कथानकाच्याही आधी फॉर्म्यांचा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांचा, हिशेब मांडावा लागला. पुस्तक १६ पानांच्या फॉर्म्यात छापायचं, म्हणजे ६४ पानांचे ४ फॉर्मे. शीर्षक, प्रकाशनाचा तपशील, अर्पणपत्रिका आणि अनुक्रमणिका यांत ४ पानं गेली. उरली ६०. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात १६ पॉइंटचा (पॉइंट हे छपाईतलं अक्षरांचं माप) टाइप आणि ओळींसाठी २४ पॉइंट धरले, तर पानावर २० ओळी, म्हणजे सुमारे १२० शब्द बसतात. अर्ध्या पानाची १६ चित्रं ८ पानं खातात, आठ प्रकरणांच्या वरची अर्धी कोरी जागा आणखी ४. मजकुराला राहिली ४८ पानं, जेमतेम ५,७०० शब्द. प्रकरणाला ७०० च्या आसपास. माझा पहिला खर्डा ९,००० वर गेला होता. लिहून झाल्यावर कात्री लावली की गोष्टीचे सांधे उसवतात, म्हणून आकडा आधीच ठरवावा.

पानं वाचवायला ओळी जवळ आणण्याचा मोह होतो. तो टाळाच. आपल्या लिपीत वेलांटी, मात्रा, रफार वर आणि उकार, ऋकार खाली. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो आणि मूल तीच ओळ पुन्हा वाचू लागतं.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो वाक्यांवर. खर्ड्यात एक वाक्य असं होतं: ‘शाळेतून घरी परतणाऱ्या मुग्धाला पुलाखालच्या चिखलात अडकून पडलेलं वासरू दिसलं.’ मोठ्यांना यात काहीच खटकत नाही. पण मराठीत विशेषणं आधी येतात, क्रियापद शेवटी. अक्षर लावत वाचणाऱ्या मुलाला ‘दिसलं’ येईपर्यंत शाळा, घर, पूल, चिखल हे सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं आणि तिथवर पोचताना सुरुवात निसटते. आता ते असं आहे: ‘रेवा शाळेतून घरी येत होती. पुलाखाली काहीतरी हललं. ती थांबली. चिखलात एक वासरू अडकलं होतं.’ पाच शब्द वाढले, पण उत्सुकता आपोआप आली. ‘-णाऱ्या’, ‘-लेल्या’ हे शेवट मी पूर्ण हस्तलिखितात शोधले. एका वाक्यात दोन दिसले की वाक्य फोडलं.

मुग्धाची रेवा झाली ती ‘ग्ध’मुळे. नायिकेचं नाव पुस्तकात दीडदोनशे वेळा येतं, त्यामुळे तिथे अडखळणारं मूल प्रत्येक पानावर अडखळतं. जोडाक्षरं टाळायची नसतात, ती वाचूनच पक्की होतात. पण अवघड शब्द एकदा आला की पुढच्या दोनतीन पानांत पुन्हा यावा आणि त्याच्या आजूबाजूचे शब्द सोपे असावेत. ‘धष्टपुष्ट’ माझ्याकडे एकाच प्रकरणात चारदा आहे. शिवाय मीना आणि मीरा अशी दिसायला सारखी नावं एका गोष्टीत नकोत.

प्रकरण मध्येच तोडून उत्कंठा येत नाही. दार वाजलं, प्रकरण संपलं आणि पुढे कळलं की शेजारच्या काकू आल्या होत्या, तर मूल दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही. प्रत्येक प्रकरणात एक छोटा प्रश्न सुटावा आणि त्यातूनच नवा निघावा. वासराच्या गळ्यातली घंटा सापडते, पण ती गावातल्या कुणाच्याच गोठ्यातली नसते. आणखी एक चूक फार वेळा दिसते: सहाव्या प्रकरणात बाबा किंवा सरपंच येऊन सगळं निस्तरतात. तसं झालं की आधीच्या पाच प्रकरणांतल्या मुलीच्या खटपटीला काही अर्थ उरत नाही. मोठ्यांनी दोर द्यावा, गाठ मुलांनी मारावी.

निवेदनात ‘केलं, गेलं’ की ‘केले, गेले’ हे पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर लिहून ठेवा. हस्तलिखित दोन हातांखालून गेलं की निम्मी प्रकरणं एका रूपात, निम्मी दुसऱ्या रूपात परत येतात. आईला ‘अगं’, वडिलांना ‘अहो बाबा’ की ‘अरे बाबा’ हेही त्याच कागदावर.

मग चाचणी. एक प्रकरण खऱ्या आकारात, खऱ्या टाइपात छापून टाचायचं आणि ते मुलाने वाचायचं, आपण नाही. आपण वाचून दाखवलं की आपला आवाज लंगडं वाक्यही सावरून घेतो. ‘आवडलं का?’ विचारू नये, मुलं ‘हो’च म्हणतात. आपल्या प्रतीवर फक्त खुणा करायच्या: बोट कुठे थांबलं, कुठे मागे गेलं, कुठे नजर खिडकीकडे गेली. तीन मुलांची खूण एकाच जागी पडली तर दोष वाक्याचा.

चित्रकाराला पूर्ण मजकूर द्यावा आणि सोबत एक यादी: रेवाचं दप्तर कोणत्या रंगाचं, पट्टी कोणत्या गुडघ्याला, कोणत्या प्रकरणापासून. मुलं हे तपासतात. उलगडा असलेलं चित्र समोरच्या पानावर येऊ देऊ नये. ते पान उलटल्यावरच दिसायला हवं.

शेवटचं प्रूफ मात्र स्वतः, अक्षर न् अक्षर. युनिकोडमधला मजकूर जुन्या फाँटमध्ये नेताना ‘ऱ्य’चा रफार होतो. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं की डोंगरात समुद्र येतो, ‘आचाऱ्याला’चं ‘आचार्याला’ झालं की स्वयंपाकघरात गुरुजी. शब्द बरोबरच दिसतो, म्हणून नजर सहज पुढे जाते. ‘ॲ’ आणि ‘ष्ट्र’ही मोडतात. हिंदी वळणाच्या फाँटमधले ल आणि श पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा वेगळे दिसतात, नवा वाचक तिथेही थबकतो. ही पाच अक्षरं प्रत्येक पानावर शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि अकरा ‘दर्या’ सापडले.