स्टॉकहोमचं लॉज आणि फोर्टातले पाच ग्रंथ

फ्रीमेसन म्हणजे बंधुभावाच्या नावाने चालणाऱ्या एका जुन्या संघटनेचे सभासद. तसं व्हायला देव मानावा लागतो. कोणता, ते कुणी विचारत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून सासरी मी हेच ऐकत आले. सासरे मुंबईच्या लॉजमध्ये, म्हणजे या संघटनेच्या स्थानिक शाखेत होते, नवरा तिथलाच सभासद. त्यामुळे स्टॉकहोमला बिऱ्हाड हलवल्यावर त्याने इथल्या एका लॉजकडे सभासदत्वाची चौकशी केली, तेव्हा नकाराची शंकाही आमच्या मनात आली नव्हती. तिथल्या सचिवांचं उत्तर लगेच आलं, अतिशय सभ्य भाषेत आलं. आमच्या पद्धतीत सभासद ख्रिस्ती श्रद्धेचा असावा लागतो. आपण मान्यताप्राप्त ग्रँड लॉजचे (लॉजांच्या मध्यवर्ती संस्थेचे) आहात, तेव्हा पहिल्या तीन पदव्यांच्या, म्हणजे सभासदत्वाच्या पायऱ्यांच्या, बैठकींना पाहुणे म्हणून जरूर या.

नवरा शांत. म्हणाला, "त्यांचा नियम आहे, जुना आहे आणि त्यांनी तो लपवलेला नाही." मला मात्र ते फार लागलं.

लागलं ते देश हा असल्यामुळे. इथे ऑफिसात कुणाला धर्म विचारणं हा उद्धटपणा समजतात. २००० साली सरकार आणि चर्च रीतसर वेगळे झाले. आमच्या इमारतीतले लोक चर्चमध्ये जातात ते लग्नाला, अंत्यविधीला आणि नाताळातल्या गाण्यांना. अशा ठिकाणी बंधुभावाचं नाव घेणारी संस्था दारातच श्रद्धेचा दाखला मागते, हे मला पटत नाही. लंडनच्या ग्रँड लॉजने १७२३ साली जी घटना छापली, तिच्यात लिहिलं होतं की सभासदावर बंधन फक्त त्या धर्माचं, ज्यावर सगळ्या माणसांचं एकमत आहे. बाकीची मतं ज्याची त्याने स्वतःपाशी ठेवावीत. स्वीडनमध्ये फ्रीमेसनांची ही चळवळ आली १७३५ मध्ये. पुढे इथे वरच्या पदव्यांसकट जी पद्धत घडली ती ख्रिस्ती पायावर, आणि नॉर्वे, डेन्मार्क, आइसलँडनेही तीच उचलली.

त्यांची बाजू अशी, की आमच्या वरच्या पदव्यांचा सगळा अर्थच ख्रिस्ताशी बांधलेला आहे, ज्याची श्रद्धा नाही त्याच्याकडून ती शपथ घेणं म्हणजे त्याला खोटं बोलायला लावणं. यात प्रामाणिकपणा आहे, तो मी मानते. कामही मोठं आहे या लोकांचं. १७५३ मध्ये त्यांनी स्टॉकहोममध्ये अनाथ मुलांसाठी घर काढलं, तेव्हा असल्या गोष्टींचा विचार फार कमी ठिकाणी होत होता. हे वाचलं तेव्हा मनापासून आदर वाटला.

पण मग मला आपलं मुंबईच्या फोर्टातलं ते टेबल आठवतं. डी. सुखाडवाला मार्गावर, स्टर्लिंग सिनेमाच्या मागे फ्रीमेसन्स हॉल आहे. तुमच्यातले कित्येक जण त्यावरून रोज जात असतील आणि वर पाहिलंही नसेल. एकदा कुटुंबीयांना आतली मोठी खोली दाखवली होती. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, आणि एका टेबलावर शेजारी शेजारी गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहिब आणि पारश्यांचा झेंद अवेस्ता. जवळच गवंड्याचा गुण्या आणि कर्कटक. कुराणाखाली हिरवं रेशमी कापड होतं, गीतेतून केशरी फीत बाहेर आली होती, आणि सगळ्या ग्रंथांच्या कडा सारख्याच झिजलेल्या होत्या. म्हणजे ते शोभेसाठी नव्हते, वापरात होते. ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. आमच्या सासऱ्यांनी गीतेवर घेतली, त्यांच्याच दिवशी एका बोहरी गृहस्थांनी कुराणावर. पुढे दोघांचं आयुष्यभर घरी येणं-जाणं राहिलं. १९६१ मध्ये भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली, तेव्हा पहिले ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख, कोण झाले? रामपूरचे नवाब रझा अली खान. फाळणीला तेव्हा चौदाच वर्षं झाली होती. याचा मला अभिमान आहे आणि तो मी इथल्या लोकांना सांगतेही.

हे मोकळेपण आपल्याला कुणी आयतं दिलेलं नाही, हेही सांगायला हवं. भायखळ्याचा खडा पारशी सगळ्यांना माहीत आहे. तो पुतळा आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ ज्यांनी उभारला, त्या माणेकजी कर्सेटजींना मुंबईच्या गोऱ्या लॉजने घेतलं नव्हतं. ते युरोपला गेले आणि पॅरिसमध्ये मेसन होऊन आले. तरीही मुंबईत दार बंदच. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश मेसनने १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे नवं लॉज काढलं, ते खास एतद्देशीयांना प्रवेश मिळावा म्हणून. पारशी आले, मुसलमान आले. हिंदूंना आणखी थांबावं लागलं. यांचे देव अनेक, जातिभेद यांच्यात, मग 'एक परमेश्वर' आणि 'बंधुभाव' यांना कसा मानवायचा, असा युक्तिवाद होता. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त कित्येक वर्षं भांडले, तेव्हा कुठे १८७२ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. (कॅथलिकांचं उलटंच. त्यांना लॉज घ्यायला तयार असतं, पण त्यांच्याच चर्चची १७३८ पासून मनाई आहे आणि २०२३ मध्ये व्हॅटिकनने ती पुन्हा सांगितली.)

हे सगळं मी फोनवर नणंदेला तावातावाने सांगत होते. ती ठाण्याला असते, शाळेत शिकवते. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, धर्माचं ठीक आहे. पण तुला कुठे आत घेतात? आणि ओळखीचे दोन सभासद पाठीशी असावे लागतात, वर मतदान. आपल्या जुन्या चाळीतल्या कुणाला दादाने कधी विचारलंय का?"

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर तयार होतं. स्त्रियांना आणि पुरुषांना एकत्र घेणारी शाखा फ्रान्समध्ये १८९३ पासून आहे, ॲनी बेझंट यांनी ती भारतातही आणली. मला हवं असतं तर तो रस्ता होता. पुरुषांनी आपली आपली बैठक ठेवणं आणि देव कोणता ते विचारून दार लावणं, या दोन गोष्टी मला एकसारख्या वाटत नाहीत. नणंदेला वाटतात. दुसऱ्या प्रश्नावर मी एवढंच म्हटलं की नियमात जात नाही, पैसा नाही, शिक्षण नाही; चारित्र्य बघतात. ती म्हणाली, नियमात नसेल. यावर मी अजून विचार करते आहे. पण तरीही सांगते, कागदावर दार उघडं असेल तर त्या कागदावर बोट ठेवून भांडता येतं. दत्त तसेच भांडले. इथे भांडायला कागदच नाही.

आणि माणेकजींचं पुढचं ऐका. ज्यांना बाहेर ठेवलं होतं, त्या माणसाने १८६३ मध्ये मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली, अलेक्झांड्रा. फोर्टातच आहे ती. हे मी नणंदेला त्याच फोनवर सांगितलं, आणि तेवढं मात्र तिने मान्य केलं.

नवरा येत्या शरद ऋतूत पाहुणा म्हणून जाणार आहे. पांढरे हातमोजे धुऊन ठेवलेत. मी जाऊ नको म्हटलं होतं. तो म्हणाला, भेटल्याशिवाय माणसं बदलत नाहीत. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला मनाई असते, त्यामुळे तो तिथे हा विषय काढणार नाही. मी सभासद नाही, मला ती मनाई लागू नाही. त्या सचिवांना मी स्वतः पत्र लिहिते आहे. माणेकजी पॅरिसला का गेले, हे त्यात सविस्तर लिहिणार आहे.